आकृतीत त्रिकोण किती? एकच पोरगं दरवेळी वेगळा आकडा का सांगतं?

घाटंजीकर (प्रश्न)

आमच्या वाचनालयात संध्याकाळी शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी करणारी पोरं बसतात. गणितात बरी असलेली पोरंही 'आकृतीत त्रिकोण किती' इथे अडतात. एकच आकृती, एकच पोरगं, आधी १८ सांगतं, पुन्हा मोजायला लावलं की २१. गाईडच्या मागे उत्तर २० असतं, पण ते कसं आलं ते छापलेलं नसतं.

आकृती अशी: एक मोठा त्रिकोण, वरच्या टोकापासून पायापर्यंत आत तीन रेषा, आणि मधून पायाला समांतर एक आडवी रेषा.

सूत्र पाठ करून घ्यावं की मोजायलाच लावावं? ठोकळ्यांच्या चित्रात न दिसणारे ठोकळे कसे धरायचे? आणि गावच्या ग्रुपवर 'हुशार असाल तर सांगा' अशी चित्रं फिरतात, त्यावरून मोठी माणसं भांडतात. त्यांचा पोरांना काही उपयोग आहे का?

खडू_फळा

पहिली गोष्ट, नजरेनं मोजणं बंद करायला लावा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७१ मध्ये असे हजारावर प्रयोग नोंदवले: डबीत घेवड्याचे दाणे टाकायचे आणि एका नजरेत किती ते सांगायचं. ३ आणि ४ दाण्यांना एकही चूक झाली नाही, ५ पासून चुका सुरू झाल्या. तुमच्या आकृतीत तर २० त्रिकोण एकमेकांवर चढलेले आहेत. डोळ्याला आधी बंद तुकडा दिसतो. दोन-तीन तुकडे मिळून झालेला त्रिकोण मधली रेषा झाकून टाकते. त्यामुळे पोरगं आधी लहान मोजतं, मग आठवतील तसे मोठे जोडतं. त्यात काही सुटतात आणि काही दोनदा येतात. दोन्ही चुका एकाच वेळी होतात म्हणून आकडा कधी कमी निघतो, कधी जास्त.

उपाय म्हणजे तुकड्यांना नंबर द्यायचे. तुमच्या आकृतीआधी याहून सोपी घ्या: त्रिकोण अबक. अ पासून समोरच्या बाजूवर एक रेषा, ब पासून तिच्या समोरच्या बाजूवर एक रेषा, दोन्ही आत एकमेकींना छेदतात. चार तुकडे पडतात. अब बाजूला लागून असलेला १, अ कडचा २, ब कडचा ३, आणि क कडचा ४. चौथा चौकोन आहे, बाकी तीन त्रिकोण.

आता वहीत ओळी पाडायच्या. एका तुकड्याचे: १, २, ३. दोन तुकड्यांचे: १२, १३, २४, ३४. तीन तुकड्यांचा एकही नाही. चारही मिळून: १२३४. एकूण ८. आकडे नेहमी चढत्या क्रमानंच लिहायचे, १२ लिहिलं की २१ लिहायचं नाही. एवढ्या एका नियमानं दोनदा मोजणं थांबतं. आणि १४, २३ या जोड्यासुद्धा तपासून 'नाही' म्हणून खोडायच्या, नुसत्या सोडून द्यायच्या नाहीत. सुटणारे त्रिकोण बहुधा अशा न तपासलेल्या जोड्यांतच असतात. इथे २४ आणि ३४ सुटतात, कारण त्यात चौकोनी तुकडा आहे आणि चौकोनापासून त्रिकोण होईल असं पोरांना वाटतच नाही.

तुमच्या आकृतीत तुकडे ८ आहेत, तिथे दुसरी वाट सोपी. प्रत्येक त्रिकोणाचं एक टोक वरच्या बिंदूवरच आहे, कारण बाकी दोन रेषा, पाया आणि आडवी, एकमेकींना मिळतच नाहीत. मग त्रिकोण ठरवायला दोन तिरप्या रेषा आणि एक आडवी निवडायची. तिरप्या रेषा ५ (आतल्या ३, कडेच्या २). त्यांच्या जोड्या ४ + ३ + २ + १ = १०. आडव्या रेषा २. म्हणून १० × २ = २०. गाईडचं उत्तर बरोबर आहे.

पऱ्हाटी

भाऊंनं सांगतलं ते बराबर हाय, पण पाचवीच्या पोट्ट्याले 'रेषा निवड' म्हटलं तं डोक्यावरून जाते. आधी हातानं कराले लावा.

तुराटीच्या बोटभर लांब ३० काड्या घ्या. पऱ्हाटीच्या घेऊ नका, वाकड्या रायतात. सगळ्या एकाच मापाच्या पायजेत, एक काडी माप म्हणून बाजूले ठेवा अन् तिच्यावर बाकीच्या तोडा. दोन-चार काड्या जराश्या आखूड निघाल्या तं खालची ओळ जुळत नाई. एका बाजूले ४ काड्या येतील असा मोठा त्रिकोण मांडा, आत सगळे लहान त्रिकोण भरा. बरोब्बर ३० काड्या लागतात.

आता पुठ्ठ्याचे त्रिकोण कापा. एक काडीच्या बाजूचा, दोन काड्यांचा, तीन काड्यांचा. एकेक पुठ्ठा वरून खाली, डावीकडून उजवीकडे सरकवत न्या, जिथे बसते तिथे एक गोटी ठेवा. मंग तोच पुठ्ठा उलटा करा अन् परत सरकवा. हे उलटं करणंच पोट्टे विसरतात.

एक काडीचे सुलटे १०, उलटे ६. दोन काड्यांचे सुलटे ६, उलटा १. तीन काड्यांचे ३, उलटा बसतच नाई. अख्खा १. झाले २७. दोन काड्यांचा उलटा एकच असते, खालच्या भागात मधोमध. कोणाचं उत्तर २६ आलं तं समजा तोच हुकला.

चौरसाचंही असंच. खिडकीची जाळी चार बाय चार असन तं लहान १६, मंग दोन-दोन घरांचे ९, तीन-तीनचे ४, अख्खा १. एकूण ३०. पुठ्ठा सरकवला का समजते १६ नंतर ९ काऊन येतात: चार घरांच्या ओळीत दोन घरांचा पुठ्ठा तीनच जागी बसते, ३ × ३.

वर्धेकर_ताई

काड्या छान, पण परीक्षेत काड्या नसतात. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यात आठ तुकड्यांच्या जोड्या मांडत बसलं तर पुढचे दोन प्रश्न जातात. माझं मत सूत्राच्या बाजूनं आहे, पण अट पाहून वापरलेल्या सूत्राच्या.

एका टोकापासून पायापर्यंत रेषा, पायाचे न भाग: न × (न + १) ÷ २. आडव्या रेषा (पाया धरून) जितक्या, तितक्या पटीनं गुणायचं. तुमच्या आकृतीत न = ४.

दोन टोकांपासून रेषा असतील तर वेगळं. एका टोकाच्या रेषा प, दुसऱ्याच्या फ. यात दोन टोकांना जोडणारी बाजू धरायची नाही, पण उरलेल्या दोन बाजू धरायच्या. उत्तर प × फ × (प + फ) ÷ २. खडू_फळा सरांच्या आकृतीत प = २, फ = २, म्हणून २ × २ × ४ ÷ २ = ८, त्यांनी मोजूनही तेच आलंय. दोन्हीकडे आत तीन-तीन रेषा असतील तर ४ × ४ × ८ ÷ २ = ६४. ते तुकडे जोडून मोजायला बसणं म्हणजे पेपर सोडून देणंच आहे.

आता अट. सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा प्रत्येक रेषा टोकापासून पार शेवटपर्यंत जाते. पेपर काढणारा नेमकी तीच मोडतो. घाटंजीकरांच्या आकृतीतली एक रेषा टोकापासून निघून आडव्या रेषेपाशी थांबली असं समजा. आडव्या रेषेवर पाया असलेले त्रिकोण १०, पण खालच्या पायाचे आता तीनच भाग, म्हणून ६. एकूण १६. आणि तीच रेषा आडव्या रेषेपासून खाली पायापर्यंतच काढली, वर काढलीच नाही, तर उत्तर १२. खालचा तुकडा एकही त्रिकोण वाढवत नाही, कारण तो टोकापर्यंत पोचतच नाही. पोरं मात्र रेषा दिसली की काहीतरी वाढणारच असं धरून १४-१५ लिहितात. म्हणून आधी प्रत्येक रेषेवर पेनाचं टोक फिरवून ती कुठून कुठे जाते ते पाहायचं. याला दहा सेकंद लागतात.

वेळ अगदीच कमी असेल तर आणखी एक युक्ती. आकृती डावी-उजवी सारखी असेल, तर डावीकडच्या प्रत्येक त्रिकोणाचा जोडीदार उजवीकडे असतोच. एकटे उरतात ते फक्त मधल्या उभ्या रेषेवर बसलेले, ज्यांचे दोन्ही अर्धे सारखे आहेत. तेवढेच मोजा. ते विषम असतील तर एकूण उत्तर विषम, सम असतील तर सम. काड्यांच्या त्रिकोणात असे मधले ९ येतात: सुलटे ६, उलटे ३. पर्याय २४, २६, २७, २८ असतील तर बाकी काही न मोजता २७. पर्याय सगळेच सम असतील तर मात्र ही युक्ती काही कामाची नाही, तिच्या नादी लागू नये.

नवोदयबद्दल: तिथे सहावीच्या प्रवेशाला मानसिक क्षमतेचे ४० आकृती-प्रश्न आणि साधारण ६० मिनिटं असतात, पण 'किती आहेत' यापेक्षा 'ही आकृती कोणत्या चित्रात लपली आहे' असा प्रश्न असतो. त्याचा सराव वेगळा. एक ठळक कोपरा पकडायचा आणि तेवढाच चारही पर्यायांत शोधायचा. मोजणीच्या तासात हे मिसळू नका.

खडू_फळा

ताईंच्या दोन टोकांच्या सूत्राला कारण जोडतो, म्हणजे पोरं ते उलटंसुलटं पाठ करणार नाहीत. कोणताही त्रिकोण म्हणजे तीन रेषा. तिन्ही एकाच बिंदूतून जाता कामा नयेत. मग वाटा तीनच. अब बाजू घेतली तर अ ची एक आणि ब ची एक रेषा: प × फ. अब सोडली तर अ च्या दोन आणि ब ची एक, किंवा ब च्या दोन आणि अ ची एक. तिन्हींची बेरीज केली की तेच सूत्र येतं. सातवी-आठवीच्या पोरांकडून फळ्यावर काढून घ्या. पाचवीला नको.

आयत मोजायलाही हीच वाट. चार बाय चार जाळीत उभ्या रेषा ५, आडव्या ५. दोन उभ्या आणि दोन आडव्या निवडल्या की एक आयत. १० × १० = १००, यात ते ३० चौरसही आले. प्रश्नात चौरस विचारलेत, आयत विचारलेत की चौकोन, ते शब्दाखाली रेघ मारून वाचायला लावा. ३० आणि १०० दोन्ही आकडे पर्यायांत ठेवलेले असतात.

बाजार_यार्ड

ठोकळ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

न दिसणारे ठोकळे शोधायचे नसतात, उंची लिहायची असते. थप्पीकडे वरून पाहतोय असं समजून तळाचा नकाशा काढा आणि प्रत्येक घरात तिथे किती ठोकळे उभे आहेत तो आकडा लिहा. कोपऱ्यातली तीन पायऱ्यांची थप्पी असेल तर पहिल्या ओळीत ३, २, १, दुसरीत २, १, तिसरीत १. बेरीज १०. थरांनी पडताळा: वरचा थर १, मधला ३, खालचा ६, तेही १०. दोन्ही जुळले तरच उत्तर लिहायचं. परीक्षेच्या चित्रात हवेत लटकणारा ठोकळा नसतो, वरच्याखाली खालचा असतोच, एवढं धरून चालायचं. पण पुढच्या उंच रांगेमागे पूर्ण झाकलेली रांग आहे की नाही हे चित्रातून कळत नाही, तिथे प्रश्नातलं वाक्य वाचावं लागतं.

मोठ्या माणसांनाही हे कळत नाही. पाच पोत्यांची रचना घ्या, एका थरात ३ पोती एका दिशेनं आणि २ आडवी, वरच्या थरात तेच उलट फिरवून. समोरून पाहिलं तर एका थरात तीन तोंडं दिसतात, त्यावरच्यात दोन कुशी, पुन्हा तीन. ज्याला वाटतं जेवढं पुढे तेवढंच मागे, तो दुप्पट करतो. ४ थर असतील तर ३ + २ + ३ + २ = १०, दुप्पट २०, बरोबर येतं. ५ थर झाले की १३ ची दुप्पट २६, आणि पोती आहेत २५. थर मोजून ५ नं गुणणं हाच धड रस्ता.

रंगवलेल्या ठोकळ्याचा प्रश्न बटाट्यावर दाखवा. बटाटा चौकोनी तासा, फडक्यानं कोरडा करा, बाहेरून हळद लावा. प्रत्येक दिशेनं २, एकूण ६ काप दिले की २७ तुकडे. तीन बाजू पिवळ्या असलेले ८, दोन बाजूंचे १२, एका बाजूचे ६, कोरा १. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा, नाहीतर आतल्या बाजूही पिवळ्या होतात आणि पोरं भलतंच मोजतात. मग ६४ तुकड्यांचं डोक्यानं काढायला सांगा: ८, २४, २४, ८. कोपरे नेहमी ८ च राहतात, ते लहान-मोठ्या ठोकळ्यानं बदलत नाहीत.

मूग_गिळून

ग्रुपवरच्या चित्रांबद्दल. त्यातली निम्मी प्रश्न नीट न विचारल्यामुळे भांडणाची होतात. '१ ते १०० मध्ये ९ किती' यात ९ हा अंक २० वेळा येतो (एककाच्या जागी १०, दशकाच्या जागी १०), पण ९ असलेल्या संख्या १९, कारण ९९ मध्ये तो दोनदा आहे. दोघंही बरोबर असतात आणि रात्रभर भांडतात.

एक चित्र मात्र खरंच चांगलं आहे: चार बाय चार जाळी, आणि आत दोन ठिकाणी चार घरांच्या मिलनबिंदूवर एकेक जादा चौरस. मोबाईलवर लोक १६, १७, ३० अशी उत्तरं देतात. जाळीचे ३०. प्रत्येक जादा चौरस एक स्वतः, आणि जाळीच्या रेषांनी त्याचे पडलेले ४ लहान, म्हणजे ५. ३० + ५ + ५ = ४०. पोरांना हे वहीवर काढूनच द्या. मोबाईलच्या पडद्यावर बारीक रेषा एकमेकींत मिसळतात.

आणि काही चित्रं मोजणीची नसतातच. करड्या जाळीवर १२ काळे ठिपके असलेलं चित्र २०१६ मध्ये खूप फिरलं. ते झाक निनिओ आणि केंट स्टीव्हन्स यांनी २००० साली दाखवलेल्या भ्रमाचं आहे. ठिपके १२ च आहेत, पण एका वेळी सगळे दिसत नाहीत, ज्याकडे पाहाल त्याच्या आसपासचेच दिसतात, कडेचे जाळीत विरतात. कागदाला भोक पाडून एकेक ओळ पाहिली की १२ निघतात. हे दाखवून पोरांना सांगता येतं की डोळा मोजणीचा साक्षीदार म्हणून कच्चा आहे. पण याला सराव म्हणू नका.

घाटंजीकर

एक शेवटची आकृती, पर्यायांवरून भांडण चाललंय. चौरस, त्याचे दोन्ही कर्ण, मधून एक उभी आणि एक आडवी रेषा, आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत तिरपा चौरस. त्रिकोण किती? पर्याय ३६, ४०, ४४, ४८.

खडू_फळा

४४. इथे तुकडे १६, सगळे एकसारखे, म्हणून आकारानं वाटा पाडा. चौरसाचे उभ्या-आडव्या रेषेनं चार खण पडतात, प्रत्येक खणात दोन्ही कर्ण आहेत. एका तुकड्याचे: खणात ४, एकूण १६. दोन तुकड्यांचे, म्हणजे अर्धा खण: खणात ४, एकूण १६. चार तुकड्यांचे दोन जातीचे: मोठ्या चौरसाची बाजू पाया आणि टोक मधल्या बिंदूवर, असे ४, तिरप्या चौरसाचे अर्धे, उभ्या किंवा आडव्या रेषेवर पाया आणि टोक बाजूच्या मध्यबिंदूवर, असेही ४. आठ तुकड्यांचे, म्हणजे कर्णानं झालेले मोठ्या चौरसाचे अर्धे: ४. १६ + १६ + ८ + ४.

जी पोरं ४० वर अडली असतील त्यांचे तिरप्या चौरसाचे चार अर्धे सुटलेत. खडूनं तो तिरपा चौरस ठळक करून उरलेल्या रेषा पुसा, लगेच सापडतील. सम-विषमची युक्ती इथे लावू नका, चारही पर्याय सम आहेत.